मंडळी कुणाची?

नागपुरात कडबी चौकातून जरीपटक्याकडे निघालं की मेकोसाबाग लागते. बाहेरगावच्या माणसाला वाटतं, कुणी मेकोसा नावाचा साहेब असेल आणि ही त्याची बाग असेल. वस्तीतले जुने लोक वेगळी फोड सांगतात. ‘मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च ऑफ सदर्न एशिया’ या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडायची, की झालं मेकोसा. अमेरिकेतल्या एका चर्चच्या शाखेचं नाव नागपूरच्या जिभेवर असं रुळलं की आता तिथल्या भाजीवाल्यालाही त्यात परकं काही वाटत नाही.

लहानपणी आमच्या शेजारी एक मावशी राहायच्या. दर रविवारी सकाळी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात घेऊन त्या मंडळीत जायच्या. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला मंडळी म्हणतो, आणि मला तो शब्द फार आवडतो, कारण त्यात इमारत नाही, माणसं आहेत. मावशींच्या पुस्तकाला खाकी कव्हर होतं, पाठ सुटू नये म्हणून कापडाची पट्टी शिवलेली होती आणि पानांमध्ये वर्गणीच्या पावत्या खोचलेल्या असत. आठ आणे, एक रुपया, पुढे पुढे पाच रुपये. पावतीवर खजिनदाराची जांभळ्या शाईतली सही. पावती हरवली तर मावशी अस्वस्थ व्हायच्या. आपण दिलेला पैसा कुठे तरी लिहिला गेला आहे, याला त्यांच्या लेखी मोठी किंमत होती.

त्या पावत्यांचं महत्त्व मला फार उशिरा कळलं. जगभर पसरलेल्या कुठल्याही धर्मसंस्थेत एक वाद हमखास असतो. प्रमुख आपल्या मातीतला हवा की बाहेरून पाठवलेला चालेल? या वादात सगळ्यांची नजर खुर्चीवर असते. खुर्चीवर गोरा बसला की काळा, इंग्रज की मराठी, एवढंच पाहिलं जातं. हिशेबाची वही कुणाच्या कपाटात आहे आणि ती कुणापुढे उघडावी लागते, हे फारसं कुणी विचारत नाही. नागपूरने गेल्या पावणेदोनशे वर्षांत हा प्रश्न इतक्या तऱ्हांनी पाहिला आहे की दुसऱ्या कुठल्या शहराने तो इतका पाहिला असेल असं मला वाटत नाही.

आधी थोडं दूरचं उदाहरण घेतो, कारण तिथे हा प्रश्न अगदी उघडा दिसतो. मॉर्मन म्हणून ओळखलं जाणारं चर्च १८३० मध्ये जोसेफ स्मिथ यांनी अमेरिकेत स्थापन केलं. त्याचं मुख्यालय युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत आहे. आज त्याचे सदस्य १ कोटी ७० लाखांच्या वर आहेत आणि त्यातले निम्म्याहून अधिक अमेरिकेबाहेर राहतात. गावपातळीवर या चर्चइतकं स्थानिक चर्च दुसरं शोधून सापडणार नाही. तिथला बिशप पगारी नसतो. दिवसा तो बँकेत किंवा शाळेत नोकरी करतो आणि संध्याकाळी, रविवारी मंडळी सांभाळतो. पण शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक अमेरिकी माणसंच दिसत आली. अध्यक्षांखालोखाल बारा प्रेषितांचं मंडळ असतं. त्यात लॅटिन अमेरिकेतला पहिला माणूस, ब्राझीलचे उलिसेस सोआरेस, यायला २०१८ साल उजाडावं लागलं. सदस्य आपल्या मिळकतीचा दशमांश देतात. तो मुख्यालयाकडे जातो आणि तिथून ठरलेली रक्कम खर्चासाठी परत येते. आपल्या खर्चाचा तपशीलवार ताळेबंद प्रसिद्ध करणं या चर्चने १९५९ नंतर थांबवलं. म्हणजे माणूस गावचा, वही सॉल्ट लेकची.

आपल्याकडे हे चर्च नवं आहे असा समज असतो. पण ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईला उतरला होता. पुढे पुण्यात त्याने लहानशी शाखाही उभी केली आणि मराठ्यांना उद्देशून एक पुस्तिका छापली. चारपाच वर्षांत सगळं आवरलं. त्या काळी या चर्चचा शिरस्ता असा होता की ज्याने श्रद्धा स्वीकारली त्याने युटाला येऊन मिळावं. इथे जो तयार झाला त्यालाच उचलून तिकडे बोलवायचं, मग इथे पुढारी तयार व्हायचा कुठून? रोप वाढलं की कुंडीसकट उचलून नेण्यातला प्रकार. यानंतर सव्वाशे वर्षांनी, १९७८ मध्ये, परदेशात राहून हे चर्च स्वीकारलेलं एक तेलुगू जोडपं हैदराबादला आपल्या नातेवाइकांकडे आलं. तिथून घराघरांतून जे सुरू झालं ते टिकलं. २०१२ मध्ये हैदराबादला या चर्चचा भारतातला पहिला विभाग स्थापन झाला. अमेरिकेहून थेट आलेल्या प्रचारकांना जे साधलं नाही ते भाऊबंदांच्या ओळखीने साधलं.

आता नागपूर.

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या फेब्रुवारीत इथे आले. तेव्हा नागपूरवर भोसल्यांचं राज्य होतं. कामठीच्या छावणीतल्या एका लष्करी अधिकाऱ्याने दिलेल्या पैशातून हे मिशन उभं राहिलं. हिस्लॉप हा विलक्षण माणूस. शाळा काढली, गोंडांची भाषा आणि चालीरीती टिपून ठेवल्या, विदर्भातले दगड आणि जीवाश्म गोळा केले. एका खनिजाला त्यांचं नाव मिळालं. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून एकटे परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. त्यांच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये निघालं आणि आजही सिव्हिल लाइन्समध्ये उभं आहे. या माणसाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरीही एक गोष्ट मला खुपते. हिस्लॉपच्या मृत्यूची तारीख आपल्याला ठाऊक आहे, ते कुठल्या ओढ्याकाठी गेले तेही ठाऊक आहे. त्यांना गोंडी शब्द सांगणारे, खेड्यांतून त्यांच्यासोबत हिंडणारे, त्यांच्या शाळेत मराठी शिकवणारे कोण होते? त्यांची नावं सामान्य वाचकापर्यंत पोचलीच नाहीत. मिशनच्या कामात एक साहेब आणि दहा मदतनीस असत. अहवाल साहेब लिही, आणि तो जाई एडिंबरोला. पगार साहेबाच्या हातून मिळे. मदतनिसाला विचारायचं झालं तर साहेबालाच विचारावं लागे, आणि साहेबाला विचारणारी समिती सात समुद्रांपलीकडे बसलेली. या रचनेत चांगल्यातल्या चांगल्या माणसाचाही ‘साहेब’ झाल्याशिवाय राहत नाही.

हे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत खोलवर ज्याने ओळखलं तो आपला कवी होता. नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात नागपूर फार महत्त्वाच्या वळणावर येतं. आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते इथे ग्रंथसंपादनाचं काम करत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं आणि त्याने टिळकांना नवा करार दिला. पुढची कहाणी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे मराठी घरांना ठाऊक आहे. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा, मग अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम.

टिळकांनी येशूला अभंगात आणलं, कीर्तनात आणलं. पाश्चात्त्य चालींवर ओढूनताणून बसवलेली भाषांतरं गाणाऱ्या मंडळीला त्यांनी स्वतःचा गळा दिला. मावशींच्या त्या शिवलेल्या पुस्तकात त्यांची किती तरी गीतं होती. एवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही, ही त्यांची खरी थोरवी. गाणं मराठी झालं, पण मंडळीचा कारभार मिशनच्याच हातात राहिला, याची टोचणी त्यांना होती. पगार देणारा धनी आणि घेणारा नोकर, अशा नात्यातून भाऊपण उगवत नाही, हे त्यांना दिसत होतं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. हाताशी पैसा नव्हता, प्रकृती ढासळत होती. ९ मे १९१९ ला ते गेले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. पण पन्नाशी ओलांडलेला संसारी माणूस बांधलेला पगार सोडतो आणि म्हणतो की आता मी माझ्या लोकांना उत्तर देईन, ही गोष्ट मला आपल्या धार्मिक इतिहासातल्या मोठ्या घटनांपैकी एक वाटते. अभ्यासक्रमात टिळक फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून येतात. त्यांचं हे बंड विद्यार्थ्यांना शिकवायला हवं.

टिळक एकटे नव्हते. १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत तामीळ ख्रिस्ती पुढारी व्ही. एस. अझरय्या यांनी भर सभेत सांगितलं की तुमच्या त्यागाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, पण आम्हाला तुमची मैत्री हवी आहे आणि ती मिळत नाही. सभेला ते झोंबलं. १९१२ च्या डिसेंबरात हेच अझरय्या अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. मेथॉडिस्टांनी १९३०-३१ मध्ये आपला पहिला भारतीय बिशप निवडला तेव्हा ते नाव होतं जशवंतराव चितांबर, मूळ मराठी घराण्यातले. अडनाव वाचून आपल्याला बरं वाटतं. वाटावंच.

नागपूरच्या अँग्लिकन धर्मप्रांताला मात्र वेळ लागला. १९०३ मध्ये हा धर्मप्रांत झाला आणि सदरमधलं १८५१ सालचं ऑल सेंट्स चर्च कॅथीड्रल बनलं. पहिले बिशप आयर चॅटर्टन, आयर्लंडचे. इथला भारतीय चेहऱ्याचा पहिला बिशप, जॉन सादिक, आला १९५७ मध्ये. चोपन्न वर्षं गेली. यात वहीचा भाग विसरू नये. ब्रिटिश अमदानीत लष्करी आणि मुलकी छावण्यांतल्या चॅपलनचा पगार सरकारी तिजोरीतून होई. कायद्याने हे चर्च १९३० पर्यंत इंग्लंडच्या चर्चचाच भाग होतं. मग त्याची निष्ठा कुणाकडे असणार?

ती कुणाकडे होती हे व्हेरियर एल्विनच्या बाबतीत स्पष्ट दिसलं. ऑक्सफर्डहून आलेला हा तरुण पाद्री गांधीजींच्या सहवासात आला. जमनालाल बजाजांनी त्याला गोंडांमध्ये जाऊन काम करायला सुचवलं. १९३२ च्या सुमाराला तो मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला जाऊन राहिला. हा भाग नागपूरच्या बिशपांच्या अखत्यारीत येत होता. बिशप अ‍ॅलेक्स वुड यांनी त्याला धर्मकार्याचा परवाना नाकारला. सरकारशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्या, असं सांगण्यात आलं. एल्विनने ती घेतली नाही आणि पुढे पाद्रीपणच सोडलं. दोघंही गोरे. एकाने लंडनकडे पाहिलं, दुसऱ्याने करंजियाच्या झोपड्यांकडे. म्हणून मी म्हणतो की कातडीचा रंग पाहून देशी-परदेशी ठरवणं सोपं असतं, पण त्यातून फार थोडं कळतं.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न चर्चच्या भिंतींबाहेर आला. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. रविशंकर शुक्लांच्या सरकारने १४ एप्रिल १९५४ रोजी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी. समितीत ख्रिस्ती सदस्य एकच, वर्ध्याला शिकवणारे गांधीवादी प्राध्यापक एस. के. जॉर्ज. समिती १४ जिल्ह्यांत हिंडली, ७७ ठिकाणी गेली, ११,३६० लोकांना भेटली. १९५६ मध्ये अहवाल आला. १९५० पासूनच्या साडेचार वर्षांत परदेशांतून मिशनांकडे सुमारे २९ कोटी रुपये आल्याची नोंद त्यात आहे. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत जायला सांगावं, ही शिफारस गाजली. आजही गाजते.

अहवालाबद्दल माझं मत दोन तोंडांचं आहे. त्यातला आदिवासी ख्रिस्ती माणूस मला पटत नाही. अहवालभर तो कुणाच्या तरी हातातलं प्यादं वाटतो. तो स्वतः विचार करतो, त्याला शाळा हवी असते, सावकारापासून सुटका हवी असते, माणूस म्हणून कुणी तरी शेजारी बसावं असं वाटत असतं, याला त्यात पुरेशी जागा नाही. त्या अहवालाने अनेक ख्रिस्ती कुटुंबांच्या मनावर ओरखडा उठवला, तो अजून बुजलेला नाही. पण त्याच अहवालात आणखी एक शिफारस आहे, जिची चर्चा होत नाही. भारतीय ख्रिस्ती लोकांनी परदेशी मदतीवर न विसंबता एक संयुक्त, स्वतंत्र भारतीय चर्च उभारावं. हे टिळकांच्या मनातलं होतं, अझरय्यांच्या मनातलं होतं. आणि चर्चची माणसं १९२९ पासून यासाठी वाटाघाटी करत होती.

त्या वाटाघाटींची वाट नागपूरवरूनच जात होती. देशभरच्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचं कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे. १९१४ मध्ये ही संस्था निघाली तेव्हा तिच्या नावातच ‘मिशनरी’ हा शब्द होता. १९२३ मध्ये तो गेला आणि ‘ख्रिस्ती’ आला. १९५६ मध्ये ठरलं की परिषदेत थेट प्रतिनिधित्व फक्त संघटित चर्चांना मिळेल. म्हणजे परदेशी मिशन मंडळांची खुर्ची गेली आणि इथल्या मंडळ्यांची आली. त्याच परिसरात, हिस्लॉप कॉलेजात, डॉ. डेव्हिड मोझेस प्राचार्य होते. १९६१ मध्ये जागतिक चर्च परिषदेचं अधिवेशन दिल्लीत भरलं तेव्हा तिच्या सहा अध्यक्षांत मोझेस निवडले गेले. स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाच्या कॉलेजचा भारतीय प्राचार्य जागतिक परिषदेच्या व्यासपीठावर गेला. नागपूरकरांना ही गोष्ट सांगितली की बहुतेकांना ती नवी वाटते.

आणि मग २९ नोव्हेंबर १९७० चा रविवार. ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात मांडव पडला होता. सहा चर्च आपली वेगळी नावं, वेगळे कारभार सोडून एक होणार होते. अँग्लिकन चर्च, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचं उत्तर भारतीय संयुक्त चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट. अडचण जुनी होती. कुणाच्या पाळकांची दीक्षा खरी? ज्यांच्याकडे बिशप होते ते म्हणत की आमची परंपरा प्रेषितांपासून अखंड आहे. ज्यांच्याकडे नव्हते ते म्हणत की आमची सेवा काय खोटी होती? हे भांडण युरोपातलं, चारशे वर्षं जुनं. त्यासाठी विदर्भातल्या एका गावात दोन वेगळी चर्च असावीत याला काय अर्थ होता? त्या दिवशी त्यावर जो तोडगा निघाला तो मला फार सुंदर वाटतो. सगळ्या परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवले आणि प्रार्थना केली. कुणाला काय कमी होतं ते देवाला ठाऊक, त्याने भरून काढावं. कुणी कुणाला लहान म्हटलं नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं ते नागपूरच्या मांडवात, इथल्या माणसांच्या हातांखाली.

सातवं चर्च यायचं होतं, ते ऐन वेळी मागे फिरलं. मेकोसाबागेचं ते मेथॉडिस्ट चर्च. अमेरिकेतल्या मातृसंस्थेशी असलेलं नातं, तिकडून येणारी मदत, संस्था आणि मालमत्ता यांचं काय होईल ही धाकधूक, आपली ओळख विरघळून जाईल ही भीती, हे सगळं त्यामागे होतं असं मी मानतो. पुढे १९८१ मध्ये त्या चर्चनेही अमेरिकेपासून स्वायत्तता घेतली आणि ते मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया झालं. आज या शहरात दोन्ही मंडळ्या आपापल्या घंटा वाजवतात. एकीतलं लग्न दुसरीत होतं, पाळकसाहेब एकमेकांकडे जेवायला जातात. वही मात्र वेगळी.

कॅथलिकांची तऱ्हा निराळी, कारण तिथे रोमशी नातं तोडण्याचा प्रश्नच येत नाही. नागपूरचा धर्मप्रांत १८८७ चा. फ्रान्सच्या सव्हॉय भागातल्या आनसी इथून आलेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या धर्मगुरूंनी तो वाढवला. १९५१ मध्ये यूजीन डिसूझा बिशप झाले, १९५३ मध्ये आर्चबिशप. पुढे ते भोपाळला गेले. साठच्या दशकात व्हॅटिकनची दुसरी महासभा भरली तेव्हा याच डिसूझांनी ठणकावून सांगितलं की बिशपांना खरे अधिकार द्या, सगळं रोमच्या कचेऱ्यांतून चालवू नका. खुर्चीवर बसलेला माणूसच म्हणत होता की माझ्या खुर्चीत जोर नाही. आजही कॅथलिक बिशपाची नेमणूक रोमच करतं.

याच शहरात याच प्रश्नाचं एक उत्तर दुसऱ्या धर्माने दिलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली ती कुशीनगरचे महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून, आणि ते जन्माने ब्रह्मदेशाचे. बौद्ध परंपरेचा धागा जगाशी जोडलेला राहावा यासाठी ते आवश्यक होतं. पण त्यानंतर समोरच्या लाखोंना दीक्षा दिली ती बाबासाहेबांनी स्वतः. ते भिक्खू नव्हते. त्यांनी स्वतः तयार केलेल्या बावीस प्रतिज्ञा लोकांकडून वदवून घेतल्या. जागतिक परंपरेकडून शरण घेतलं आणि त्याचा अर्थ आपल्या लोकांच्या जखमेतून काढला. दीक्षा घेणाऱ्यांत तेच न्यायमूर्ती नियोगी होते, ज्यांच्या नावाचा अहवाल त्याच वर्षी आला होता.

दहा वर्षांनी जपानहून एक तरुण भिक्खू भारतात आले आणि नागपूरच्या इंदोऱ्यात स्थिरावले. भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई. पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं, बोधगयेच्या महाबोधी महाविहाराचं आंदोलन उभं केलं, दीक्षाभूमीच्या स्मारक समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. त्यांचं हिंदी-मराठी जपानी वळणाचं आहे. तरी इंदोऱ्यातल्या म्हाताऱ्या आयांना ते परके वाटत नाहीत. मी या दोन गोष्टी शेजारी ठेवतो. जपानी माणूस वस्तीला उत्तर देत राहिला, वस्तीचा झाला. आणि वस्तीतला माणूस वस्तीला उत्तर देणं थांबवतो तेव्हा काय होतं?

ते लिहायला जड जातं, पण टाळणं बरोबर नाही. १२ सप्टेंबर २०२२ रोजी नागपूरच्याच विमानतळावर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या तेव्हाच्या मॉडरेटरना, म्हणजे प्रमुखांना, मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेने अटक केली. ते जर्मनीहून परतत होते. शाळांच्या फीचा पैसा भलतीकडे वळवल्याचा आरोप होता. आरोपांचं खरं-खोटं न्यायालय ठरवेल. पण ज्या शहरात त्याच्या बावन्न वर्षं आधी मांडवात हात ठेवून हे चर्च उभं राहिलं, त्याच शहरात हे घडलं. एका माणसापुरतं हे नाही. मिशनं गेली तेव्हा बंगले, शाळा, दवाखाने, शहराच्या मधोमध असलेली मैदानं इथल्या माणसांच्या हाती आली. जमिनीचे भाव चढले. देशभरच्या धर्मप्रांतांत मालमत्तेचे दावे कोर्टात गेले. साहेबाची खुर्ची आपल्या माणसाला मिळाली, आणि किती तरी ठिकाणी त्या खुर्चीसोबत साहेबाची सवयही आली. साहेब एडिंबरोला तरी उत्तर देत होता. आपला माणूस कुणालाच देईना.

याचं कारण मला वहीत दिसतं. पूर्वी पैसा बाहेरून येई, त्यामुळे हिशेब बाहेर जाई. मंडळीला हिशेब मागायची सवय लागलीच नाही, कारण पैसा आपला वाटत नव्हता. २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा आणखी कडक झाला, बाहेरचा ओघ आटला. आज मंडळ्या चालतात त्या फार करून रविवारच्या झोळीवर आणि शाळांच्या फीवर. विदर्भातल्या मंडळ्यांत बसणारी बहुसंख्य माणसं दलित आणि कष्टकरी घरांतून आलेली आहेत. त्यांचा रुपया आता मंडळीचा मुख्य आधार आहे. तेव्हा प्रश्न विचारण्याचा पहिला हक्कही त्यांचाच.

म्हणून दोन विनंत्या करतो. मंडळ्यांच्या पंचांना आणि पाळकसाहेबांना एक. वार्षिक सभेत तपासलेला ताळेबंद मराठीत, मोठ्याने वाचा. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, शाळेचा वेगळा, जमिनीच्या भाड्याचा वेगळा. इंग्रजीतला कागद फलकावर टाचणीने लावून मोकळे होऊ नका. मागच्या बाकावर बसलेल्या बाईला तो कळला पाहिजे. विहारांच्या समित्यांना, देवळांच्या विश्वस्तांनाही हेच सांगणं आहे.

दुसरी विनंती तुम्हा वाचकांना. नागपूर, कामठी, चांदा, वर्धा, अमरावतीकडच्या ख्रिस्ती घरांत आजोबा-पणजोबांच्या पेट्यांमध्ये मंडळीच्या जुन्या वह्या असतील. सभांचे वृत्तांत, बाप्तिस्म्याच्या नोंदी, मिशनच्या पगाराच्या यादीत आलेलं कुणाचं तरी नाव. त्या रद्दीत घालू नका, वाळवीला देऊ नका. एखाद्या कॉलेजच्या ग्रंथालयाला दाखवा, निदान प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. हिस्लॉपसोबत खेडोपाडी हिंडलेल्या माणसांची नावं सापडली तर ती अशाच एखाद्या पेटीत सापडतील. मावशींच्या पावत्या त्यांच्या सुनेने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या आहेत. सगळ्यांत जुनी १९५२ सालची आहे, चार आण्यांची.